न सांगणारी गावं

ऑगस्ट उजाडला की आमच्या शाळेत क्रांतिदिनाच्या नाटुकल्याची गडबड सुरू होते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, सांगली जिल्ह्यात, येरळेच्या काठी. पोरांची मागणी दरवर्षी ठरलेली असते : बाई, शेणोलीची गाडी लुटूया. बाकं एकामागे एक लावली की गाडी तयार. कुणाला नाना पाटील व्हायचं असतं, कुणाला जी. डी. बापू लाड. मुली हौसाताई पाटलांची भूमिका मागतात. भवानीनगरच्या पोलीस ठाण्यासमोर नवराबायकोच्या भांडणाचं सोंग करून त्यांनी शिपायांना बाहेर काढलं आणि तेवढ्यात सोबत्यांनी आतल्या बंदुका नेल्या, ही हकीकत आमच्याकडे लहान पोरांनाही पाठ आहे.

पोरं मन लावून करतात आणि मीही मन लावून बसवते. पण सातारा-सांगलीचा बेचाळीसचा लढा म्हटला की आपल्याला तीन-चारच गोष्टी आठवतात, हे मला फार दिवस खुपत आलंय. ७ जून १९४३ची शेणोलीची रेल्वे, त्याच वर्षी २४ जुलैला वसंतदादांनी फोडलेला सांगलीचा तुरुंग, पुढच्या वर्षी लुटलेला धुळ्याचा खजिना, आणि पत्री, म्हणजे फितुरांच्या तळपायांवर काठ्या मारायची शिक्षा. या सगळ्यात जीव धोक्यात घातलेली माणसं मोठीच होती. पण तीही मोजकी होती. १९४३ ते १९४६ अशी तीन वर्षं दीडशेहून जास्त गावांत प्रतिसरकार, म्हणजे लोकांचं स्वतःचं सरकार, चाललं आणि इंग्रजांचं राज्य नावापुरतं उरलं, ते मोजक्या माणसांच्या बंदुकांमुळे नव्हे. तसं झालं कारण गावंच्या गावं इंग्रज सरकारला काही सांगेनाशी झाली. या न सांगण्याचं नाटुकलं कुणी बसवत नाही. ते बसवायला अवघडही आहे म्हणा; त्यात कुणी पळत नाही, कुणी ओरडत नाही.

आधी मोर्च्यांबद्दल लिहिते, कारण सुरुवात तिथून झाली.

तेव्हाचा सातारा जिल्हा मोठा होता. आजच्या सांगली जिल्ह्यातले वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके त्यातच मोडत आणि मधेमधे औंध, सांगली, मिरज, जत अशी संस्थानं विखुरलेली होती. ९ ऑगस्टला मुंबईत गांधीजी आणि बाकी सगळे पुढारी पकडले गेले. वरून आदेश देणारं कुणी बाहेर राहिलं नाही. तरी पंधरवड्यात, २४ ऑगस्टला, बाळकृष्ण पाटील उंडाळकरांच्या नेतृत्वाखाली कराडच्या कचेरीवर हजारो शेतकरी चालून गेले. ३ सप्टेंबरला तासगाव. ९ला वडूज. १०ला इस्लामपूर.

कचेरीवर जायचं म्हणजे काय, हे आजच्या मुलांना समजावून सांगताना मला वेळ लागतो. मामलेदार कचेरी म्हणजे शेतकऱ्यानं पायताण बाहेर काढून, मुंडासं सावरत, व्हरांड्याच्या कडेला दिवसभर उभं राहायची जागा. सातबारा तिथं, सारा तिथं, खजिना तिथं आणि कोठडीही तिथंच. तिथल्या शिपायालाही रावसाहेब म्हणायचं. त्या दारातून पाच-सहा गावांची माणसं हातात फक्त झेंडा घेऊन आत शिरतात, मामलेदाराला सांगतात की आजपासून तुम्ही स्वतंत्र हिंदुस्थानचे नोकर, आणि त्याच्या डोक्यावर गांधी टोपी ठेवतात. तासगावात हे झालं. कचेरीवर तिरंगा लागला, गोळी सुटली नाही, कुणाच्या अंगाला हात लागला नाही. माझ्या मते आपल्या भागातल्या त्या सबंध लढ्यातला हा सगळ्यात मोठा दिवस, आणि तासगावच्या बाहेर तो किती जणांना माहीत आहे कोण जाणे.

सहा दिवसांनी वडूजला तसंच व्हायचं होतं. वडगावचे परशुराम घार्गे झेंडा घेऊन पुढे होते. पोलिसांनी गोळीबार केला. नऊ माणसं गेली, घार्गे त्यांतलेच. दुसऱ्या दिवशी इस्लामपूरला किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातले इंजिनिअर पंड्या आणि कामेरीचे विष्णू बारपटे गेले. एक कारखान्यातला शिकलेला माणूस आणि एक खेड्यातला, एकाच मोर्च्यात, एकाच गोळीबारात. वडूजला येरळेच्या काठानं जाताना मी दर वेळी त्या नऊ जणांचा विचार करते. त्यांच्या हातात दगडही नव्हता.

इथपर्यंत आलं की बहुतेक लोक म्हणतात, संपली मग अहिंसा, गोळीला गोळीनंच उत्तर द्यावं लागलं. पुढचा इतिहास मग भूमिगतांचा, प्रतिसरकारच्या तुफान सेना या दलाचा. हे अर्धंच खरं आहे.

माझ्या आजीचं सासर वाळवा तालुक्यात. बेचाळीस साली ती पंधरा-सोळा वर्षांची, नुकती नांदायला आलेली. तिनं झेंडा धरला नाही, तुरुंगात गेली नाही, तिला ताम्रपट मिळाला नाही. ती भाकरी करायची. पण ती ज्या रीतीनं करायची ते ऐकल्यावर मला कळलं की लढा कशाला म्हणतात.

रात्री चूल पेटवायची नाही, हा पहिला नियम. रात्री धूर निघाला, उजेड दिसला की शिपाई विचारणार, एवढ्या उशिरा कुणासाठी? म्हणून संध्याकाळच्याच स्वयंपाकात जास्तीच्या भाकरी थापायच्या आणि फडक्यात गुंडाळून दुरडीत, उतरंडीच्या मागं ठेवायच्या. वर खर्डा, कधी कांदा. लढाईचे दिवस, जोंधळा महाग, मग एकाच घरातून सारखं पीठ गेलं तर ते घर उघडं पडणार. म्हणून घरं वाटून घेतलेली. आज या आळीतलं घर, उद्या त्या आळीतलं. पण कुणाची पाळी कधी, हे एकीला सोडून दुसरीला माहीत नसायचं. भाकरी न्यायला गुराखी पोरगं येई किंवा एखादी म्हातारी. ती पुढं कुठं जाते, उसाच्या फडात की डोंगरात, हे आजीला शेवटपर्यंत कळलं नाही. खाणाऱ्यांची नावंही नाहीत. ‘नाव इच्यारायचं न्हाय, ही सासूबाईंची पैली शिकवण. नावच ठावं नसलं तर मारलं तरी काय सांगनार?’

पोलीस यायचे तेव्हा गड्यांना चावडीपुढं बसवायचे आणि बायकांना घरोघर जाऊन विचारायचे. आजीच्या सासऱ्यांना एकदा बेदम मारलं. गावावर दंड बसला. सरकार तेव्हा गावंच्या गावं दंडात धरायचं. सगळ्यांचं उत्तर एकच. ‘आमी दीसभर रानात, सायेब. कोन येतंय, कोन जातंय, आमास्नी काय ठावं?’ पाटलाची बायको हेच म्हणायची, परटीण हेच म्हणायची, मांगवाड्यातली म्हातारी हेच म्हणायची. मी आजीला एकदा विचारलं होतं, भीती नाही वाटली? ती म्हणाली, ‘वाटत हुती की गं पोरी. पर समद्यास्नीच वाटत हुती. एकटीला वाटली असती तर बोलून बसले असते.’

या वाक्यावर मी वर्षानुवर्षं विचार करत आलेय. मोठमोठ्या लढ्यांबद्दल पुष्कळ वाचल्यावरही मला त्याहून नेमकं काही सापडलेलं नाही. आपण समजतो, प्रतिकार करणारी माणसं निर्भय असतात. तशी नसतात. त्यांची भीती वाटून घेतलेली असते, भाकरीच्या पाळ्या वाटून घेतल्या होत्या तशी.

आता जरा पलीकडून पाहू. सातारा जिल्ह्यात त्या काळी गोरे साहेब किती असतील? बोटांवर मोजण्याइतके. राज्य चालवणारी बाकी सगळी माणसं आपलीच. सारा गोळा करणारा तलाठी आपला, दवंडी देणारा कोतवाल आपला, पाटील आपला, शिपाई आपला. गावात कोण परका आलाय हे फौजदाराला सांगणारं कुणीतरी आपलंच असायला लागतं, नाहीतर फौजदाराला गाव म्हणजे नुसत्या भिंती. खुद्द नाना पाटील तलाठी होते. १९३०च्या चळवळीत ती नोकरी सोडून ते बाहेर पडले. मला ही गोष्ट त्यांच्या पुढच्या सगळ्या पराक्रमांइतकीच मोलाची वाटते. सरकारचा एक हात त्या दिवशी सरकारचा राहिला नाही. आणि १९४२ ते १९४६ ते भूमिगत राहिले, डोक्यावर इनाम असताना, तेही याच भागात, ओळखीच्या गावांत. त्यांचा ठावठिकाणा सांगून इनाम मिळवणं कुणालाही शक्य होतं.

त्याच १९४२ साली, आपल्या मोर्च्यांच्या सहा महिने आधी, नॉर्वेत शिक्षकांनी हेच केलं होतं. मी शिक्षिका असल्यामुळे असेल, पण ही हकीकत वाचली तेव्हा मी रात्रभर जागी होते. नॉर्वे जर्मनीच्या ताब्यात होता आणि क्विस्लिंग नावाच्या हस्तकाला सत्तेवर बसवलेलं होतं. त्यानं फर्मान काढलं, सगळ्या शिक्षकांनी नाझी धर्तीच्या नव्या संघटनेत यायचं आणि मुलांना त्या वळणावर घडवायचं. देशात सुमारे १२,००० शिक्षक. त्यातल्या ८ ते १० हजारांनी सरकारला पत्रं लिहिली, प्रत्येकानं आपल्या नावानिशी, आणि सगळ्यांचा मजकूर शब्दाला शब्द सारखा : मी या संघटनेचा सभासद नाही आणि अशा रीतीनं मुलांना घडवण्यात मी भाग घेणार नाही. सरकारनं जळण नसल्याचं निमित्त सांगून शाळा महिनाभर बंद केल्या. शिक्षकांनी घरांतून वर्ग घेतले. हजाराहून जास्त शिक्षकांना अटक झाली. त्यातल्या शेकडोंना पार उत्तरेला, किर्केनेसला नेऊन बर्फात हमाली करायला लावली. काही तिथंच मेले. पण बहुसंख्य बधले नाहीत. नोव्हेंबरपर्यंत उरलेल्यांना घरी सोडावं लागलं आणि शाळांमधून नाझी पिढी काढायचा बेत बारगळला.

शब्दाला शब्द सारखं उत्तर. आमच्या वाळव्याच्या बायकांना नॉर्वे कुठं आहे हे माहीत असण्याचं कारण नव्हतं. तरी दोन्हीकडे एकच युक्ती. सगळ्यांचं उत्तर एक असलं की कुणा एकाला वेगळं काढून मोडता येत नाही.

अर्जेंटिनातल्या आयांचंही असंच. १९७६ला लष्करानं सत्ता घेतल्यावर हजारो तरुण मुलं-मुली गायब केली गेली. पोलिसांकडे गेलं तर नोंद नाही, कोर्टात गेलं तर नोंद नाही. ३० एप्रिल १९७७ला १४ बायका ब्युनोस आयर्सच्या प्लाझा दे मायो या चौकात राष्ट्राध्यक्षांच्या वाड्यासमोर जमल्या. जमावबंदी होती, पोलीस म्हणाले, घोळक्यानं उभं राहायचं नाही, चालत राहा. मग त्या चालायला लागल्या. दोघी-दोघी, हातात हात घालून, चौकातल्या स्तंभाभोवती. हुकूम पाळला आणि चळवळही उभी राहिली. पुढे ओळख पटावी म्हणून डोक्याला पांढरं फडकं बांधू लागल्या, ते पहिल्यांदा तान्ह्या बाळांच्या लंगोटांचं होतं. दर गुरुवारी दुपारी. त्याच वर्षी डिसेंबरात त्यांची पुढारी असुसेना व्हिल्याफ्लोर हिलाच उचललं आणि विमानातून समुद्रात फेकून दिलं. तिची हाडं ओळखू आली ती २००५ साली. तिला नेलं त्यानंतरही बाकीच्या आया चौकात आल्या.

फिलिपिन्सची एक गोष्ट मला या दोन्हींपेक्षा कमी ऐकू येते म्हणून सांगते. फेब्रुवारी १९८६. तिथला हुकूमशहा मार्कोस यानं निवडणूक घेतली होती आणि मतमोजणीचे आकडे फिरवले जात होते. मोजणीच्या संगणकांवर बसलेल्या तीस-पस्तीस जणांच्या लक्षात आलं की आपण यंत्रात भरतोय तो आकडा एक आणि बाहेरच्या फलकावर लागतोय तो वेगळा. ९ फेब्रुवारीच्या रात्री त्या सगळ्या जागेवरून उठून चालू लागल्या, बहुतेक तरुण मुली होत्या, आणि एका चर्चमध्ये जाऊन बसल्या. घोषणा नाही, झेंडा नाही. अडीच आठवड्यांत मार्कोस देश सोडून पळाला. त्याला लाखो लोक रस्त्यावर यावे लागले, रणगाड्यांसमोर जपमाळा घेऊन बसणाऱ्या नन्स लागल्या, सैन्यातली फूट लागली, सगळं खरं. पण खुर्चीवरून उठून जाणाऱ्या त्या मुलींशिवाय मला ती क्रांती डोळ्यांपुढे आणता येत नाही.

आता एक आक्षेप, जो मीच स्वतःला घेत असते. आमची गावं बोलली नाहीत ती प्रेमानं, की पत्रीच्या धाकानं? फितुरांना, सावकारांना, गुंडांना धरून तळपायांवर काठ्या मारत, माणूस महिनोन्‌महिने चालू शकत नसे. प्रतिसरकारचा हा भाग अहिंसक नव्हता आणि त्याला अहिंसक म्हणणं खोटेपणा होईल. नाना पाटलांनी स्वतःही गांधीवादी असल्याचा आव आणला नाही. पत्रीच्या नावाखाली कुठं कुठं जुनी वैरंही काढली गेली, हे म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यातून येतं. धाक होताच.

पण धाकानं तोंड बंद होतं, चूल पेटत नाही. पत्रीच्या भीतीनं एखादा फितूर गप्प बसेल. रोज आपल्या पोटची भाकरी काढून अनोळखी माणसासाठी उतरंडीमागं ठेवणार नाही. आणि पोलिसांची भीती काही कमी नव्हती, उलट ती दारात उभी होती. दोन्हीकडून भीती असताना गावांनी एक बाजू घेतली आणि तीन-चार वर्षं धरून ठेवली. त्यांनी सरकारी कोर्टात जायचं सोडलं आणि बांधाची, वाटणीची भांडणं प्रतिसरकारच्या न्यायदान मंडळापुढं नेली. दारूचे गुत्ते बंद केले. हुंडा, वाजंत्री, जेवणावळी टाकून थोडक्यात लग्नं लावली, त्याला गांधी लग्न म्हणत. यातलं काहीही काठीनं करून घेता येत नाही.

एरिका चेनोवेथ आणि मारिया स्टीफन या दोन अभ्यासकांनी १९०० ते २००६ या काळातल्या जगभरच्या ३२३ लढ्यांची छाननी केली तेव्हा अहिंसक लढ्यांपैकी ५३ टक्के यशस्वी झालेले दिसले आणि सशस्त्र लढ्यांपैकी २६ टक्के. त्यांनी दिलेलं मुख्य कारण मला आजीमुळे आधीच पटलेलं होतं : बंदूक धरायला धडधाकट तरुण लागतात, पण नकार द्यायला म्हातारी, पोरं, गरोदर बाई, कारकून, कुणीही चालतं. म्हणून माणसं जास्त येतात, आणि येणाऱ्यांत शिपायाची मावशीही असते.

तरी हे आकडे हमीपत्र नव्हेत. गेल्या दहा-पंधरा वर्षांत अहिंसक लढ्यांच्या यशाचं प्रमाण बरंच घटलं आहे. सरकारंही शिकतात, पाळत ठेवायची नवी साधनं त्यांच्या हातात आहेत. १ फेब्रुवारी २०२१ला म्यानमारमध्ये लष्करानं सत्ता बळकावली. लोक रोज रात्री आठ वाजता घराघरांतून भांडी बडवू लागले. डॉक्टर, शिक्षक, रेल्वेचे कामगार कामावर जाईनात. बायकांनी आपल्या नेसायच्या लुंग्या रस्त्यावर आडव्या दोऱ्यांवर वाळत घातल्या, कारण बाईच्या लुंगीखालून गेलं तर पुरुषपण जातं अशी तिथल्या पुष्कळ पुरुषांची समजूत. सैनिक तिथं अडखळत आणि तेवढ्यात पोरं निसटत. ही हकीकत वाचताना मला आजीच्या परड्यातली वलण आठवली. गावात पोलीस आले की वेशीकडच्या घरची बाई वलणीवर लाल लुगडं टाकायची, म्हणजे रानातल्यांना समजायचं. म्यानमारच्या लष्करानं नि:शस्त्र माणसांवर गोळ्या घातल्या, शेकडो मेले, आणि काही महिन्यांत तिथल्या तरुणांनी शस्त्रं हातात घेतली. त्यांचं चुकलं असं मला म्हणवत नाही. वडूजनंतर आमच्याकडच्या तरुणांनीही तेच केलं होतं.

हे न सांगण्याचं, न झुकण्याचं बळ गावांत एका ऑगस्टात आलं नाही. त्याआधी सत्तर वर्षं या भागात एक वेगळी शाळा भरत होती. जोतीराव फुल्यांचं मूळ गाव खटाव तालुक्यातलं कटगुण. १८७३ला त्यांनी सत्यशोधक समाज काढला आणि पुढे सातारा जिल्ह्यात त्याची मुळं खोल गेली. भटाशिवाय लग्न लावायचं, दक्षिणा द्यायची नाही, सावकाराच्या कागदावर न वाचता अंगठा उठवायचा नाही. नाना पाटील याच परंपरेतले. ज्या शेतकऱ्यानं आपल्या मुलीचं लग्न सगळ्या भावकीचा राग ओढवून भटाशिवाय लावलं, त्याला मामलेदाराच्या डोक्यावर टोपी ठेवणं तितकं अवघड गेलं नसेल. मोठ्या सरकारला नाही म्हणायची सवय आधी घरच्या, गावच्या सत्तांना नाही म्हणून लागते, असं मला वाटतं. आणि ती फार हळू लागते. बिलाशीला १९३०च्या पावसाळ्यात जंगलाचा कायदा मोडून सागाची झाडं तोडली गेली आणि तिथल्या बायका झेंड्याभोवती उभ्या राहिल्या, तेव्हा त्याही याच शाळेतून आलेल्या होत्या.

स्वातंत्र्यानंतर काम जास्त कठीण झालं. सरकार आता आपलं होतं, मंत्री आपल्या जिल्ह्याचे होते, कधी तर आपल्या गावचे. त्यांच्याविरुद्ध उभं राहणं म्हणजे घरातल्या माणसाविरुद्ध उभं राहणं. म्हणून मला १९७५ सालचं कराडचं साहित्य संमेलन फार महत्त्वाचं वाटतं. आणीबाणी लागलेली. वर्तमानपत्रांवर नियंत्रण, विरोधी पुढारी तुरुंगात, जयप्रकाश नारायण अतिशय आजारी. अध्यक्ष दुर्गाबाई भागवत. स्वागताध्यक्ष केंद्रातले मंत्री यशवंतराव चव्हाण, आणि कराड तर त्यांचं घरच. अशा ठिकाणी दुर्गाबाईंनी जयप्रकाशांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला सांगितलं, सगळ्यांदेखत, यशवंतरावांदेखत. आजाऱ्यासाठी प्रार्थना! त्यात कायदा मोडणारं काहीच नव्हतं. पण ज्या माणसाचं नाव घ्यायला लोक दबकत होते त्याचं नाव एका बाईनं हजारोंच्या मांडवात मोठ्यानं घेतलं आणि मांडवातल्या प्रत्येकाला कळलं की आपल्या मनात आहे तेच शेजारच्याच्याही मनात आहे. पुढच्या वर्षी त्यांना मुंबईत एशियाटिकच्या ग्रंथालयातून अटक झाली. वाचत बसल्या होत्या.

आणि येरळा. तिच्याबद्दल लिहिल्याशिवाय मला थांबता येणार नाही, कारण मी तिच्याच काठी राहते. १९८२ला मुंबईतल्या गिरण्यांचा संप झाला आणि खानापूर तालुक्यातले गिरणी कामगार गावी परतले. गावात दुष्काळ. रोजगार हमीवर खडी फोडायची, एवढंच काम. खडी फोडता फोडता त्यांनी विचारायला सुरुवात केली की दर दुष्काळात आम्ही खडीच का फोडायची, पाणी राहील असं काम सरकार का काढत नाही. त्यातून मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली, भारत पाटणकर आणि इतर कार्यकर्ते तिच्यात होते. त्याच वेळी येरळेच्या पात्रातल्या वाळूचे लिलाव होत होते. ठेकेदार ट्रकच्या ट्रक वाळू नेत आणि वाळू गेली की नदी विहिरींना पाणी देईनाशी होई. बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी लिलावाला विरोध केला. पण नुसतं नको म्हणून थांबले नाहीत. म्हणाले, वाळू आमची, तर त्यातली थोडीशी आम्हालाच विकू द्या, त्या पैशातून आम्ही आमचं धरण बांधतो. सरकारशी झगडून मंजुरी मिळवली, श्रमदान केलं, शहरांतले विद्यार्थी येऊन राबले, आणि बळीराजा धरण उभं राहिलं.

माझ्या दृष्टीनं खरी गोष्ट धरण बांधून झाल्यावरची आहे. पाणी आलं की ऊस आला, हे आपल्या जिल्ह्याचं गणित. इथं लोकांनी बसून ठरवलं, या पाण्यावर ऊस लावायचा नाही. पाणी जमिनीच्या एकरावर वाटायचं नाही, माणसांवर वाटायचं. ज्याच्याकडे गुंठाही नाही त्या घरालाही पाण्याचा वाटा, बरोबरीचा. त्यानं तो दुसऱ्याच्या रानाला द्यावा आणि पिकात हिस्सा घ्यावा. पुढं आटपाडीला १९९३पासून दरवर्षी पाणी परिषद भरू लागली, नागनाथअण्णा नायकवडी, गणपतराव देशमुख आणि पाटणकर यांच्या पुढाकारानं, आणि तिथंही मागणी हीच राहिली : दुष्काळी तालुक्यांना कृष्णेचं पाणी द्या, आणि ते देताना भूमिहीनालाही मोजा.